मावळातील गाडीकारागिरी (लेखांक ३) : घाटरस्ता आणि सुतार-लोहारांची घराणी

बैलांच्या पाठीवरून चालणाऱ्या वाहतुकीचा विचार मागील लेखांकात झाला. त्या वाहतुकीची जागा गाडीने कशी घेतली आणि गाडी घडविणे हा मावळातील घराण्यांचा धंदा कसा बनला, हे या लेखांकात पाहावयाचे आहे. खोपोली आणि खंडाळा यांच्यामधील बोरघाटात चाकांच्या वाहनांना चालण्याजोगा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, खुला झाला आणि कोकण व देश यांच्यातील मालाला गाडीची वाट मिळाली.

तत्पूर्वीच्या गाड्या भरीव चाकांच्या आणि जड असत. १८३० च्या दशकात जमीन मोजणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णी येथे हलक्या, सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला आणि तशा गाड्यांचा प्रसार दख्खनेत होऊ लागला. नव्या गाडीचा कस तिच्या चाकात होता. मधला लाकडी तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांच्या टोकांना जोडून वर्तुळ पुरे करणारे पुठ्ठे हे सुताराचे काम असे, व त्यासाठी चिवट बाभूळ पसंत केली जाई. पुठ्ठ्यांवर बसणारी लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, लोहार तयार करी. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवून ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवीत, चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होताना आकसणारे लोखंड सारे सांधे आवळून धरी. त्यामुळे सुताराचे मोजमाप आणि लोहाराची आच यांपैकी एक जरी चुकले तरी चाक वाया जाई, आणि दोन घराण्यांची कामे परस्परांवाचून पुरी होत नसत.

ही दोन्ही घराणी बलुतेदार होती. अवजारांच्या दुरुस्तीबद्दल त्यांना सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, मिळे. नव्या गाडीचा मोबदला मात्र वेगळा ठरत असल्याने, गाडीवानांची मागणी वाढली तसा गावकीच्या चौकटीबाहेरचा रोख व्यवहार या घरांत शिरण्यास वाव मिळाला.

रेल्वेने या व्यवहाराला प्रथम बळ दिले. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीस पोहोचला आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. परंतु २५ बोगद्यांचा घाटमार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत मधला टप्पा रस्त्यानेच ओलांडावा लागे, आणि घाटाच्या कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत असल्याने त्यांच्यासाठीची नेआणही मोठी होती. पुढे लांबचा माल आगगाडीने नेला, तरी शेतातून स्थानकापर्यंतचे अंतर बैलगाडीकडेच राहिले आणि लोणावळ्यात स्थानक व बंगले यांच्यामध्ये घोड्याच्या टांग्यांना काम मिळाले.

तरीही मावळातील ही घराणी लहानच राहिली. याउलट अमेरिकेत लोहारकाम करणाऱ्या स्टूडबेकर बंधूंचे १८५२ मधील दुकान सैन्याच्या गाड्यांच्या कंत्राटांनी मोठे झाले आणि अखेर मोटारींपर्यंत पोहोचले. मावळातील कारागिरांची कसबे कमी प्रतीची नव्हती. त्यांच्याजवळ भांडवल आणि मोठा एकठोक ग्राहक नव्हता, आणि गावाशी बांधलेले बलुते त्यांना पोट देत असतानाच गावाबाहेर वाढूही देत नव्हते. या घराण्यांचा इतिहास लिहिताना त्यांचे लहान राहणे हे कौशल्याचे अपयश मानणे अन्यायाचे ठरेल. टांग्याच्या कमानी आणि त्या घडविणारे कारागीर यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.