ताडाखालचा वाघ

जुलै लागला की आमच्या धाटावमध्ये चांदी काळी पडते. देवघरातली निरांजनं, समई, लेकीचे पैंजण, काहीच सुटत नाही. एका बाजूला कुंडलिकेचा दमटपणा, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीतल्या कारखान्यांची हवा. हवेत गंधकाचा अंश असला की तो चांदीला धरतो आणि तिच्यावर काळा थर चढवतो. चांदीची नाणी जमवायला याहून अवघड गाव शोधून सापडणार नाही. मी तरीही इथे बसून जमवतो.

सगळी नाही. स्वातंत्र्यानंतरची स्मारक नाणी, आणि त्यातही रिझर्व्ह बँकेची. त्याला कारण शेजारच्या रोह्याचं आहे. बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख लहानपणी रोह्यात शिकले. 1943 साली ते त्या खुर्चीवर बसले. आमच्या शाळेत त्यांचं नाव निघालं की गुरुजी खिशातली नोट काढून दाखवायचे. पुढे कळलं, नोट बँकेची असली तरी नाणं सरकारचं. टांकसाळीही सरकारच्याच, बँक फक्त ते लोकांपर्यंत पोचवते. पण तोवर माझा छंद जडला होता.

या मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं नाणं पन्नास पैशांचं आहे. 1985 साली बँकेला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं, त्यावर बँकेची मुद्रा: ताडाचं झाड आणि त्याखाली वाघ. ईस्ट इंडिया कंपनीच्या सोन्याच्या दुहेरी मोहरेवर ताडाशेजारी सिंह होता. बँकेची मुद्रा ठरवताना सिंह जाऊन वाघ आला. भिंगाखाली धरलं की वापरून झिजलेल्या नाण्यावर आधी वाघाची पाठ सपाट होते, झावळ्या नंतर. उंच भाग हातांना आधी लागतो. रोह्याच्या बाजारात सुट्ट्या पैशांत आलेली अशी नाणी माझ्याकडे मूठभर आहेत. त्यांचा भाव वाढला नाही, वाढेलसं वाटतही नाही, कारण ती अमाप निघाली. पन्नास पैसे आजही कायद्याने चलनात आहेत, पण भाजीवाली घेत नाही.

भाव वाढले ते मोठ्या नाण्यांचे. 2010 साली बँकेच्या पंच्याहत्तरीला निघालेलं 75 रुपयांचं नाणं 44 मिलिमीटर रुंद आणि 35 ग्रॅम वजनाचं आहे. त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. 2010 मध्ये चांदी किलोला पन्नास हजारांच्या आत होती, तेव्हा नाण्यातली चांदी पावणेनऊशे रुपयांच्याही आतली. 2025 संपता संपता किलोने दोन लाख ओलांडले आणि तीच चांदी साडेतीन हजारांवर गेली. 2024 साली बँकेने नव्वदाव्या वर्षात पाऊल टाकलं, तेव्हाचं 90 रुपयांचं नाणं तर शुद्ध चांदीचं, 40 ग्रॅमचं. ही नाणी दुकानात देऊन सुटे घ्यायचे नसतात. टांकसाळ नोंदणी उघडते, आधी पैसे भरायचे, मग कधीतरी टपालाने खोका येतो. एक साधं, न वापरलेलं. दुसरं प्रूफ, म्हणजे घासून आरशासारख्या केलेल्या ठशाने पाडलेलं, ज्यात जमीन काळीभोर चकाकते आणि आकृती दुधट दिसते.

म्हणून मला वाटतं, 'नाण्याचा भाव वाढला' असं म्हणण्याआधी वजनकाटा काढावा. वाढीतला मोठा वाटा चांदीचा असतो, नाण्याचा नव्हे. तो चांदीचा भावही नुसता अंदाजापुरता, कारण 2011 च्या नाणे कायद्याने चलनी नाणं वितळवायला बंदी आहे. चांदीच्या वर जे मिळतं ते तीनच गोष्टींचं: किती निघाली, टांकसाळीचा मूळ खोका आहे का, आणि कोणी हात लावला का.

तिसरी गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. आजीच्या पेटीत 1969 सालचं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं होतं. पंधरा ग्रॅम, ऐंशी टक्के चांदी. त्यावर 1869–1948 एवढीच सालं आहेत, म्हणून अनेकांना ते 1948 चं वाटतं. सालांजवळ बारीक हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, खूण नसेल तर कोलकात्याची. माझ्या नाण्यावर हिरा आहे. चौदा वर्षांचा असताना मी ते चिंच आणि राख लावून लख्ख केलं आणि घरभर दाखवत फिरलो. बऱ्याच वर्षांनी मुंबईच्या एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्यापुढे ठेवलं. त्याने ते कडेने धरलं, दिव्याखाली हळूच फिरवलं आणि म्हणाला, "घासलंय. चांदीचे देतो."

त्या दिवसापासून मीही प्रत्येक नाणं तसंच फिरवतो. ठसा पडताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा ठेवतो. हात न लागलेलं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाचे आरे सायकलच्या चाकासारखे त्यावरून धावतात. घासलेल्या नाण्यावर उजेड जागच्या जागी थांबतो. एकदा आरे गेले की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

बाकीची कामं घरगुती आहेत. सुती हातमोजे. घट्ट झाकणाच्या कडक, पारदर्शक डब्या. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, काही वर्षांत त्या नाण्यावर हिरवट चिकटा सोडतात. सगळं एका स्टीलच्या डब्यात, आणि त्यात ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पुरचुंडी. धाटावच्या पावसाळ्यात ते दाणे दोन आठवड्यांत गुलाबी होतात. मग वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. जून ते सप्टेंबर माझा रविवार यातच जातो.

अशाच एका पावसाळ्यात शेजारचे काका आले होते. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं नाणं घेऊन. फोनवर कोणी त्याचे लाखो रुपये देणार होतं, आधी 'नोंदणी'चे काही हजार मागितले होते, ते त्यांनी भरलेही होते. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 ला स्पष्ट सांगितलं आहे की बँक असा व्यवहार करत नाही, कमिशन घेत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. मी ते काकांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ नाणं हातात फिरवत बसले. माणसाला लाखाचा भुलावा पडतो त्यात त्याचा दोष मी धरत नाही. राग येतो तो देवीच्या नावावर पैसे काढणाऱ्यांचा.

गांधीजींचं नाणं मी विकलं नाही. त्याला डबीही नाही, टेबलावर उघडंच असतं. गेल्या पावसाळ्यात पाहिलं तर गांधीजींच्या कानामागे आणि अक्षरांच्या खाचांत पुन्हा काळपट छटा धरू लागली आहे. यंदा ती जरा पुढे सरकलेली दिसते.