पाटाचे पाणी जिथून येते : भंडारदऱ्याला सायकलने वळसा



प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना ‘आवर्तन’ म्हणजे काय हे सांगायला नको. पाणी कधी सुटणार, टेलपर्यंत पोचणार की नाही, वरच्यांनी किती ओढले, खाली जायकवाडीला किती सोडायचे, यावर पारावर चर्चा होते, भांडणेही होतात. पण ज्या पाण्यासाठी एवढा जीव टांगणीला लागतो ते साठते कुठे, तिथे पाऊस कसा पडतो, तिथली माणसे काय पिकवतात, हे आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे?

यंदा सुगीतून दोन दिवस काढा आणि भंडारदऱ्याला जा. मात्र मोटारीतून नको, सायकलने जा. मोटारीतून फक्त धरण दिसते. सायकलवर बसलात की वाटेतले खाचर दिसते, बांधावरचे पीक दिसते आणि शेतात वाकलेल्या माणसाशी दोन शब्द बोलताही येतात.

धरणाची थोडी हकिकत

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत हा जलाशय आहे. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते ‘विल्सन डॅम’ म्हणून ओळखले जाई. दगडी बांधकामाची ही भिंत सुमारे २७० फूट उंच आहे आणि मागे ११ टीएमसी पाणी साठते. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती लागली. पुढे टेकू देऊन ती बळकट केली. भिंतीच्या खालच्या अंगाला उभे राहिलात की ते टेकू दिसतात.

धरणातून सुटलेले पाणी नदीपात्राने वाहत संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथून दोन्ही कालव्यांत शिरते. या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि या ऊसावरच विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. भंडारदऱ्याच्या खाली, त्याच नदीवर, आता निळवंड्याचे धरण आहे. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ साल उजाडले. दुष्काळी गावांनी त्यासाठी दोन पिढ्या वाट पाहिली.

वाट कशी धरावी

अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. गावातले सिद्धेश्वराचे जुने दगडी देऊळही कोरीव कामासाठी पाहण्याजोगे आहे. तिथून राजूरमार्गे भंडारदरा चाळीस किलोमीटरच्या आसपास पडते. हा रस्ता चढाचा आहे. पाय सरावाचे नसतील तर सायकली भाजीच्या पिकअपमध्ये टाकून शेंडी गावापर्यंत न्या. त्यात कमीपणा नाही. वाटेत रंधा धबधबा लागतो. पाऊस चालू असताना किंवा धरणातून पाणी सुटलेले असताना प्रवरा तिथे खोल दरीत उडी घेते. कठड्याच्या अलीकडेच थांबा.

खरा फेरा शेंडीपासून सुरू होतो. मुर्शेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, गुहिरे आणि परत शेंडी. सगळा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. चढ-उतार आहेत, पण एक-दोन ठिकाणे सोडली तर दम काढणारे नाहीत. चढ भारी वाटला की उतरून सायकल हातात धरावी.

देवाला प्रदक्षिणा उजवीने घालतात. इथे मात्र पाणी डाव्या हाताला ठेवून निघा. त्याला कारण आहे. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, म्हणून पाण्याची बाजू आपली राहते. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीवर असते आणि दुपारनंतर पूर्वेकडे परतताना ते पुन्हा पाठीवरच येते.

वाटेवर काय पाहाल

मुर्शेतच्या बाजूने जाताना मागे कळसूबाईचे शिखर दिसत राहते. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. हा सारा मुलूख १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, म्हणून वन खात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते.

घाटघरला जमीन एकाएकी संपते. कोकणकड्यावर उभे राहिलात की खाली ठाणे जिल्ह्यातले शहापूरचे रान पसरलेले दिसते. इथे २००८ सालापासून २५० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. विजेची ओढ असते तेव्हा वरच्या तलावाचे पाणी बोगद्यातून खालच्या तलावात सोडून वीज करतात, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. आपल्या विहिरीवरची मोटर रात्री का चालवावी लागते, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही. घाटघरला ‘नगरचे चेरापुंजी’ म्हणतात. आपल्या पूर्वेच्या तालुक्यांत वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर आपण पोळा जोरात करतो. इथे एका पावसाळ्यात तो पाच हजारांच्या घरात जातो.

रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. परंपरेने ते झंझ राजाचे मानतात. काळ्या पाषाणात खालपासून शिखरापर्यंत नक्षी आहे. शेजारच्या पुष्करणीत उतरून चारी भिंतींतले कोनाडे पाहा, घाई करू नका. देवळामागे रतनगड उभा आहे आणि त्याच्याच अंगाखांद्यावर प्रवरा उगम पावते. राहुरी-नेवाशाच्या शिवारात पोचणारे पाणी इथे एका ओढ्याएवढे असते. ते पाहून माणूस गप्प होतो.

आणखी एक नाव मुलांना सांगा. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातल्या या वीराने इंग्रज आणि सावकार दोघांविरुद्ध बंड उभारले. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले.

काठावरची शेती

आपल्या पेशाच्या माणसाने हे मुद्दाम पाहावे. जलाशयाच्या काठी राहतात ते बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर. खाचरात भात, उतारावर नागली, वरई आणि खुरासणी. पावसाळा सरता सरता खुरासणी फुलली की डोंगर पिवळा दिसतो. उरलेले दिवस हिरडा गोळा करून आणि मजुरीवर निभतात. आपल्या मजूर टोळ्यांत यांच्यातलीच माणसे असतात.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सुपीक तळ पाण्याखाली गेला, पाणी खाली आपल्याकडे आले, आणि उन्हाळ्यात काठावरच्या कित्येक वाड्यांवर बायाबापड्यांना हंडा घेऊन लांब जावे लागते. आपण आवर्तनाच्या दिवशी सरीतून पाणी बांधाबाहेर वाहू देतो, तेव्हा कुणाच्या वाट्याचे वाहते हे इथे आल्यावर कळते. ठिबकबद्दल आम्ही कृषी खात्याची माणसे मेळाव्यात तासभर बोलतो. त्यापेक्षा हा एक फेरा जास्त समजावून सांगेल, असे मला वाटते.

याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी राखलेले वालाचे, भाताचे, भाज्यांचे वाण पाहायला लांबलांबचे शास्त्रज्ञ येतात.

जाण्यापूर्वी

- सप्टेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. भर पावसात रस्ता निसरडा असतो, धुके दाट असते आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. मधल्या वारी जा.
- घरची साधी काळी सायकलही चालेल. दोन्ही ब्रेकचे रबर नवे घाला, साखळीला तेल द्या, चाकांचे नट आवळा.
- पंप, सोल्युशन, ठिगळे आणि पाना जवळ ठेवा. वाटेत पंक्चरचे दुकान मिळेलच असे नाही.
- उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा ब्रेक एकट्याने कधीही मारू नका.
- पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. रतनवाडीत आधी सांगून ठेवले तर घरगुती जेवण मिळते.
- जलाशयात पोहायला उतरू नका. काठ एकदम खोल आहे आणि तळाला गाळ आहे.
- बायकामुलींनाही बरोबर घ्या. पोरगी रोज सायकलने शाळेला जाते, तिला हा फेरा जड नाही.

येताना काठावरच्या एखाद्या शेतकऱ्याकडून दोन-चार किलो काळभात विकत घ्या. गावरान, वासाचा तांदूळ आहे. भाव मात्र करू नका. ज्या पावसावर तुमचा ऊस उभा आहे, त्याच पावसावर तो पिकला आहे.