हरणाची गोष्ट : लेण्यातून पडद्यावर

खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेले की कार्ल्याचे लेणे लागते. एकवीरेच्या दर्शनाला जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. बाहेर सिंहांचा खांब, आत ओसरीच्या भिंतीतून पुढे आलेले हत्ती. इकडे खाली राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे तर कान्हाचा शिष्य बलक याने आपले नावच कोरून ठेवले आहे.

मंडळी, वाचता येणारी माणसे थोडी होती, त्या काळी अशी चित्रे आणि शिल्पेच शाळेचे काम करीत. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींना जातककथा म्हणतात. त्यांत हत्ती, माकड, हरीण ही जनावरे माणसाला शहाणपण शिकवतात.

त्यांतलीच एक ऐका. काशीच्या राजाला रोज शिकार लागे. धावपळीत नाहक पुष्कळ हरणे जखमी होत. म्हणून दोन कळपांनी पाळी लावली : रोज एकाने मरणाला सामोरे जायचे. एकदा पाळी आली गाभण हरिणीवर. पाडस होईपर्यंत तिने मुदत मागितली. तिच्या नायकाने नियमावर बोट ठेवले. तेव्हा दुसऱ्या कळपाचा नायक न्यग्रोध, ज्याला राजाने आधीच अभय दिले होते, तो स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवून पडला. राजा वरमला. त्याने सगळ्याच प्राण्यांना अभय दिले. न्यग्रोध म्हणजे वड, बरं का!

१९५७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने याच गोष्टीचे व्यंगपट-पद्धतीचे चित्र काढले. डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी इथल्या कलाकारांना शिकवले. त्यांत जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी होती. रेखाटनाचे वळण त्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतले.

हरीण धावते कसे? सिनेमाच्या पडद्यावरून सेकंदाला २४ चित्रे सरकतात, म्हणजे मिनिटाला १४४०. प्रत्येकात पाय किंचित पुढे. डोळा ती चित्रे जोडून घेतो.

या गोष्टी भिक्षूंबरोबर चीनलाही गेल्या. तिथल्या तुनह्वांग येथे २५७ क्रमांकाच्या गुहेत नवरंगी हरणाची कथा रंगवलेली आहे. बुडत्या माणसाला हरीण वाचवते आणि तोच माणूस बक्षिसाच्या लोभाने त्याचा ठाव राजाला सांगतो. शांघायच्या कलाकारांनी १९८१ साली तिचा चित्रपट केला. त्याआधी तेराशे वर्षांपूर्वी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला होता. डोंगरातला विहार आणि दारापाशी असलेले दगडी हत्ती त्याने लिहून ठेवले. म्हणजे वाट दोन्हीकडून वाहती होती.

गुरुजी, बाई, एक करून पाहा. जुन्या वहीच्या २४ पानांच्या कोपऱ्यात मुलांकडून भेकर काढून घ्या. आपल्या डोंगरातले भेकर त्यांच्या ओळखीचे आहे. दर पानावर पाय थोडा हलवा आणि पाने भरकन सोडा. भेकर उडी मारील. मुले हसतील.

मग हळूच विचारा : पाळी तर सर्वांनी मिळून ठरवली होती, मग नियम सांगणारा नायक चुकला का? उत्तर तुम्ही सांगू नका. मुलांना भांडू द्या. कोणी तरी म्हणेल, "पण गुरुजी, तिच्या पोटातल्या पाडसाला कुणी विचारलं होतं?" तिथे धडा पुरा झाला असे समजा.