बलामाचा तारा, मीखाचं गाव

नाताळ जवळ आला की बेळगावच्या कॅम्पात आणि निपाणीतही ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागतात. ज्या ताऱ्याची ही खूण, त्याची गोष्ट चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या मत्तयाने सांगितली आहे, तीही अवघ्या बारा वचनांत. तिची मुळं शोधायची तर मात्र बेथलेहेमच्याही मागे, मवाबाच्या डोंगरांपर्यंत जावं लागतं.

मवाबाचा राजा बालाक याने इस्राएलाला शाप द्यायला फरात नदीकाठचा द्रष्टा बलाम याला बोलावून घेतलं. बलामाच्या तोंडून शापाऐवजी आशीर्वादच निघाले. याकोबाच्या वंशात पुढे ताऱ्यासारखा एक राजा उदयाला येईल, हे भाकीत त्याचंच. गणना या ग्रंथाच्या 24व्या अध्यायात ते आहे. ही आशा इस्राएलाला दिली ती अशी एका परक्याने. 1967 साली जॉर्डनमधल्या देइर अल्ला इथे गिलाव्यावर शाईने लिहिलेला मजकूर सापडला. तो इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमाराचा असून त्यात बौराचा पुत्र बलाम याचं नाव आहे.

पुढे यहुदी परंपरेने हे वचन मशीहाशी जोडलं. मृत समुद्राजवळ सापडलेल्या कुमरानच्या गुंडाळ्यांत ते आढळतं. 132 साली शिमोन नावाच्या यहुदी पुढाऱ्याने रोमविरुद्ध बंड केलं, तेव्हा रब्बी अकिवा यांनी हेच वचन त्याला लावलं. ‘बार कोखबा’, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, ही त्याची ओळख त्यातूनच आली. त्याच्या काही चांदीच्या नाण्यांवर मंदिराच्या दर्शनी भागावर तारा कोरलेला दिसतो. 135 साली रोमने ते बंड चिरडलं.

मत्तय पावलोपावली जुन्या कराराचे दाखले देतो, पण इथे बलामाचं नावही घेत नाही. तो दाखला देतो मीखा संदेष्ट्याचा. पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तारा पाहून निघाले आणि पोहोचले यरुशलेमेत, कारण राजा शोधायचा तर राजधानीतच. तिथल्या हेरोद राजाने शास्त्र्यांना मशीहाचं जन्मगाव विचारलं. त्यांनी मीखाच्या आधाराने बेथलेहेमचं नाव सांगितलं. तिथून पुढे तारा पुन्हा वाट दाखवू लागला. घराबाहेर काढलं ताऱ्याने, गाव सांगितलं ग्रंथाने. आणि ज्या शास्त्र्यांना गाव तोंडपाठ होतं, ते तिकडे गेल्याचं मत्तय कुठेच सांगत नाही.

हा तारा आकाशात नेमका कोणता, याचाही शोध घेतला गेला. इसवी सनापूर्वी 7 या वर्षी मीन राशीत गुरू आणि शनी तीनदा जवळ आले होते. सतराव्या शतकात केप्लरने या युतीचं गणित मांडलं. अभ्यास मोलाचा आहे, पण ग्रहांची युती मत्तयाच्या ताऱ्यासारखी एका घरावर येऊन थांबत नाही. मत्तयाला पंचांग मांडायचं नव्हतं. बलामाप्रमाणेच परक्या देशाची माणसं या राजाला आधी ओळखतात, हे त्याला दाखवायचं होतं.

जुन्या कराराची ख्रिस्ताच्या गोष्टीशी अशी सांगड मराठीतही फार जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं. त्याच्या पहिल्या भागात जुना करार आणि दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आहे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं. इथेच 1831 साली जन्मलेले बाबा पदमनजी इथल्या मिशन शाळेत शिकले आणि 1854 साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ वाचलं की कळतं, ग्रंथ पारखत, शंका काढत ते या निर्णयाला पोहोचले. मागी लोकांसारखेच तेही विचारपूस करत गेले.

सीमाभागात आपण मराठी, कन्नड आणि कोकणी शेजाऱ्यांसोबत राहतो. परक्याच्या तोंडूनही सत्य येऊ शकतं, ही बलामाची शिकवण इथे जास्तच लागू पडते. तेव्हा यंदा नाताळात तारा लावाल किंवा शेजाऱ्याच्या दारी पाहाल, तर मत्तयाचा दुसरा अध्याय वाचाच. त्यासोबत गणना 24 आणि मीखा 5 हेही उघडा. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय ही गोष्ट पुरती कळत नाही.