निफाडचा घड, रॉटरडॅमचा बाजार

निफाड-दिंडोरीकडे निर्यातीची द्राक्षं भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत तोडतात. तोडलेला घड जिवंतच असतो. मणी श्वास घेत राहतात, स्वतःची साखर जाळतात, ऊब सोडतात. देठातलं पाणी उडत राहतं. वेल सुटलेला, मग भर कुठून पडणार? पण तापमान दहा अंशांनी उतरलं की हा श्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून पहिले काही तास सोन्याचे. सकाळी उन्हात झालेली हयगय पुढे युरोपात, रॉटरडॅमच्या बाजारात तपकिरी देठ होऊन दिसते, आणि माल पारखणाऱ्याची नजर देठाकडे जातेच.

पॅकहाऊसमध्ये बाया खराब मणी कात्रीने काढून घड खोक्यांत भरतात. प्रीकूलिंगच्या खोलीत पंखे खोक्यांच्या भोकांतून गार हवा खेचून घेतात आणि काही तासांत मणी आतपर्यंत गार होतात. पुढचा मुक्काम शीतगृहात, शून्य अंशाच्या आसपास. तिथेही मणी गोठत नाहीत, कारण आत साखर आहे! करडी बुरशी मात्र त्या थंडीतही वाढते. म्हणून घडांवर एक पातळ कागदी पॅड ठेवतात. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो.

मला सगळ्यात थक्क करते ती शीतगृहाच्या यंत्राची युक्ती. ते थंडी तयारच करत नाही, नुसती उष्णता उचलून बाहेर टाकतं. नळ्यांमधलं द्रव्य कमी दाबाखाली शून्याच्याही खाली उकळतं आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीतून ओढून घेतं. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, बाहेर तिची उष्णता निघून जाते, पुन्हा द्रव. शीतगृहाच्या मागे कंडेन्सरपाशी उभे राहा, गरम झोत अंगावर येतो. त्यात बागेतली ऊबही असते.

मग रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर. ट्रकवर जनरेटर, न्हावा शेवा बंदरात विजेचा प्लग, जहाजावर पुन्हा प्लग. मध्ये कुठे खंड पडला तर सगळं मुसळ केरात. या साखळीवर खोके बनवणारे, ट्रकवाले, छाटणी करणाऱ्या बाया, गॅसचा दाब तपासणारे मेकॅनिक यांची घरं चालतात. मेकॅनिकचं नाव शेतीच्या चर्चेत कुणी घेत नाही, हे मला खटकतं. ही साखळी नसती तर हंगामातला सगळा माल एकाच वेळी देशातल्या बाजारांत उतरला असता आणि भाव कोसळला असता.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपची वाट आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला, भाडंही वाढलं. तरी २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं परदेशी गेली, किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये. त्यातली बहुतेक महाराष्ट्रातली.