कुलूप निघाल्यानंतरची शाळा

साथ आली म्हणजे शाळा बंद करणे हे त्या मानाने सोपे काम. एक हुकूम निघतो, शिपाई फाटकाला कुलूप लावतो आणि झाले. पण तीच शाळा पुन्हा उघडायची म्हणजे नुसते कुलूप काढून भागत नाही. बाके होती तेथेच असतात, फळा भिंतीवरच असतो. पण माणसे मात्र पूर्वीची राहिलेली नसतात. कोणी आजारातून उठलेले असते, कोणाच्या घरातले माणूस गेलेले असते, कोणी वर्ष-दीड वर्ष भलत्याच कामावर राबलेले असते. या माणसांची घडी पुन्हा कशी बसवायची, हा प्रश्न करोनाच्या साथीनंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुख्याध्यापकापुढे उभा राहिला. आपण तो पन्हाळा तालुक्याच्या निमित्ताने समजावून घेऊ. कारण तेथे साथीच्या जोडीला डोंगर, पाऊस आणि रस्ता हीदेखील अडचणी घालायला हजर होती.

प्रथम काळाचा हिशोब पाहू. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातल्या शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग, स्थानिक परिस्थिती पाहून, उघडू लागले. तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. १५ जुलै २०२१ पासून करोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथी, अशा पायऱ्या पडत गेल्या. जानेवारी २०२२ मध्ये आणखी एकदा बंद आणि पुन्हा उघड झाली. अखेर एप्रिल २०२२ च्या आरंभी, गुढीपाडव्याच्या सुमारास, राज्यातले निर्बंध उठले. म्हणजे पाहा, जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष संपत आल्यावर!

आता पन्हाळ्याकडे वळू. तालुक्याची कचेरी गडावर. परंतु तालुका पसरलेला आहे तो खाली. एका अंगाला वारणेच्या बाजूचे कोडोली, दुसऱ्या अंगाला कासारी-जांभळीच्या खोऱ्यातले बाजारभोगाव आणि त्याही पलीकडच्या वाड्या व धनगरवाडे. कोल्हापुरात बिऱ्हाड ठेवून रोज ये-जा करणारे शिक्षक अशा भागात असतातच. जुलै २०२१ च्या शासन निर्णयात म्हटले होते की, शिक्षकांच्या राहण्याची सोय शक्यतो त्याच गावात करावी, नाहीतर त्यांनी सार्वजनिक वाहनाने येऊ नये. कागदावर हे ठीकच होते. पण त्याच महिन्यात अतिवृष्टी झाली, गडावर चढणारा मुख्य रस्ता खचला आणि गडावर मोटारी जाणे बंद पडले. पुढे शाळा उघडण्याचा हंगाम आला, तो एस. टी. चा संप घेऊन. तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. डिसेंबरात चिमुकल्यांचे वर्ग भरायचे होते, तेव्हा लाल गाडी रस्त्यावर नव्हती. मग गुरुजींनी वर्गावर पोहोचायचे कसे?

यावरून पहिला धडा मिळतो तो मोजदादीचा. वेढा उठल्यावर कोणताही शहाणा किल्लेदार आधी काय करील? आनंदाची तोफ नंतर. आधी माणसे मोजील आणि अंबरखान्यात धान्य किती उरले ते पाहील. मुख्याध्यापकाचेही तसेच आहे. शाळा उघडण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात. हा माणूस येतो कोठून आणि कशाने? त्याच्या किंवा घरच्यांच्या प्रकृतीची काही अडचण आहे काय? आणि शाळेबाहेरचे कोणते काम अजून त्याच्या गळ्यात आहे? या यादीत नुसते शिक्षक नकोत. शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या बाई, त्यांच्या मदतनीस, सगळे हवेत. वर्ग उघडून तासाभरात मुलाला भूक लागते आणि तेव्हा चूल पेटवायला माणूस नसेल तर शाळा अर्धीच उघडली म्हणायची. मात्र प्रकृतीची माहिती ही खासगी गोष्ट आहे. ती एकट्याला बाजूला घेऊन विचारावी, सर्वांसमोर वाचून दाखवू नये.

दुसरे काम वाटणीचे. निर्बंध सैल होत होते तेव्हा नियम असा होता की, एका बाकावर एक मूल, दोघांत सहा फुटांचे अंतर आणि एका वर्गात पंधरा ते वीस मुले. समजा, चौथीत ३६ मुले आहेत. १८ मुले आज, १८ उद्या. मूल आठवड्यातून तीन दिवस शाळेत येणार; मास्तर मात्र सहाही दिवस उभे, आणि तोच धडा दोनदा सांगणार. संध्याकाळी घरी राहिलेल्या मुलांना फोनवरून अभ्यास द्यायचा तो वेगळाच. आणि ज्या वाडीवर रेंजच नाही तेथे चालत जायचे. मुलाचे शिकणे निम्मे झाले आणि शिक्षकाचे श्रम दुप्पट झाले, असा हा चमत्कारिक हिशोब आहे. तो गावाला दिसत नाही. गावाला दिसते एवढेच, की वर्गात निम्मीच मुले बसली आहेत आणि मास्तरांचा पगार पूर्ण चालू आहे. म्हणून मुख्याध्यापकाने हा हिशोब शाळा व्यवस्थापन समितीपुढे सरळ मांडावा. शाळा उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या गावसमितीत सरपंचांबरोबर मुख्याध्यापकही होते, ते नुसते सही करायला नव्हे.

लहान शाळांची गोष्ट आणखी अवघड. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. डोंगराकडच्या बहुतेक शाळा अशा दोन शिक्षकांच्याच. त्यातला एक तापाने पडला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर येतात. अशा वेळी ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा केंद्रप्रमुखांनी शेजारच्या दोन-तीन शाळांची जोडी आधीच ठरवून ठेवावी : या शाळेचा माणूस पडला तर त्या शाळेतून कोण येईल, हे जूनमध्येच लिहिलेले असावे. दुसरी युक्ती अशी, की काही काळ इयत्तेच्या भिंती थोड्या विसराव्यात. तिसरी-चौथीतली ज्या मुलांना अक्षरे जुळवता येत नाहीत ती एकत्र, ज्यांना उतारा वाचता येतो ती एकत्र. १ जुलै २०२१ पासून राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास दिला, तो मागचे राहिलेले भरून काढण्यासाठीच. राहिलेले काही थोडे नव्हते. देशभरच्या 'असर' पाहणीत, दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती, ती २०२२ मध्ये २०.५ वर आली.

तिसरे काम परत करण्याचे. साथीत शिक्षकांनी काय काय केले! 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघर जाऊन ताप मोजला, नाक्यावर उभे राहून गाड्यांची नोंद घेतली, रेशन दुकानापुढच्या रांगा सांभाळल्या. हे योग्य होते काय? होय, त्या वेळी होते. शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की, शिक्षकाला शिक्षणाबाहेरचे काम देऊ नये. अपवाद तीनच : दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. साथ ही आपत्ती होती. पण आपत्ती संपली की तो अपवादही संपतो, हे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. नेमणुकीचा हुकूम लेखी निघतो. सुटकेचा हुकूम मात्र निघतच नाही. म्हणून निर्बंध उठताच मुख्याध्यापकाने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी : आमचे अमुक शिक्षक त्या कामातून कधी मोकळे होणार?

लेखी कागदाचे आणखी एक मोल आहे आणि ते फार दुःखाने शिकावे लागले. २९ मे २०२० च्या निर्णयाने राज्याने असे जाहीर केले की, करोनाच्या कामावर असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाख रुपयांचे साहाय्य मिळेल. पण माणूस त्या कामावर होता याचा दाखला हवा. तोंडी सांगितलेल्या कामाचा दाखला कोठून आणायचा? हुकूम फोनवरून आला तरी त्याच दिवशी तो हजेरीपुस्तकात तारीख घालून लिहून ठेवावा. दोन ओळी लिहायला वेळ लागत नाही. त्या दोन ओळींवर एखाद्या घराचे पुढचे आयुष्य अवलंबून असू शकते.

चौथे काम सर्वांत नाजूक. ते मनांचे. जून २०२० मध्ये शासनाने महिला शिक्षक, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आजार असलेले शिक्षक आणि ५५ वर्षांवरील पुरुष शिक्षक यांना त्या जून-जुलैत शाळेत बोलावू नये, घरून काम द्यावे, असे सांगितले. सवलत न्याय्यच होती. पण त्यामुळे तरण्याबांड दोघा-तिघांवर बाहेरचा सगळा भार आला. मग सगळे एकत्र आले की कुजबुज सुरू होते : "आम्ही नाक्यावर उन्हात उभे, आणि ही मंडळी घरी!" घरी असलेल्याला वाटते, "आम्ही रात्री दहापर्यंत मुलांचे वह्यांचे फोटो तपासत होतो, ते कोणी मोजले?" दोघेही खरेच बोलत असतात. येथे मुख्याध्यापकाने न्यायाधीश होऊ नये. पहिल्या आठवड्यात तासभर सर्वांना बसवावे, प्रत्येकाने काय केले ते त्याच्याच तोंडून सांगू द्यावे, गेलेल्यांची आठवण काढावी आणि तेथे तो हिशोब मिटवावा. पुढची वाटणी मात्र उघड करावी. ज्याने बाहेरचे काम जास्त केले त्याला काही आठवडे जादा तास नकोत. ज्याला अजून धाप लागते त्याच्याकडे धनगरवाड्याची चाल नको, त्याऐवजी नोंदींचे, बसून करायचे काम द्यावे.

हा अनुभव जगाला नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात न्यूयॉर्क शहराने शाळा बंदच केल्या नाहीत. शिक्षक रोज सकाळी वर्गातल्या मुलांची पाहणी करीत आणि आजारी वाटणारे मूल डॉक्टर-परिचारिकांकडे पाठवीत. तेथे हे साधले, कारण शाळांतील आरोग्य-तपासणीची व्यवस्था आधीपासून उभी होती. साथ आल्यावर माणसे जमवायला कोणी धावत सुटले नाही.

आपल्या कोल्हापुरानेही १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या हुकुमाने, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी मुलाला शाळेपर्यंत आणण्याची चिंता होती. साथीनंतर तिच्यात आणखी एक भर पडली : शाळेत आलेल्या मुलासमोर धडधाकट, निवांत मनाचा आणि स्वतःच्या कामावर परतलेला शिक्षक उभा असला पाहिजे.

तेव्हा, वाचकहो, आपण मुख्याध्यापक असाल तर माणसांची ती यादी आजच करून कपाटात ठेवा आणि दर जूनला ती ताजी करा. आपण पालक असाल तर पुढच्या सभेत एवढेच विचारा, की आमच्या शाळेतला एक शिक्षक उद्या आजारी पडला, तर वर्गावर कोण उभे राहील? या प्रश्नाचे उत्तर एका नावाने मिळाले, तर आपली शाळा पुढच्या साथीला तयार आहे असे समजावे.