नीरेचा गाळ आणि दिवीचा किनारा

लोणंदपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही लोणंदच्या शिवारात पडलेल्या पावसाचा थेंबही त्या समुद्राला मिळत नाही. तो ओढ्यानाल्यांनी नीरेत जातो. नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि हजारावर किलोमीटरची वाट चालून हे सगळे पाणी आंध्रातल्या हंसलदीवीच्या परिसरात बंगालच्या उपसागराला जाते. नीरा उगम पावते ती भोर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ. तिथे धारेच्या पश्चिमेला पडलेली सर सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत जाते आणि काही पावलांवर पूर्वेला पडलेली सर देशाच्या दुसऱ्या टोकाला.

घाटमाथ्यावरची आणि देशावरची माणसे समुद्र म्हटले की कोकणच डोळ्यांपुढे आणतात. किनारा खचतो, पुळण वाहून जाते, खारे पाणी विहिरीत शिरते, या बातम्या आपल्याला परक्या वाटतात. पण कृष्णेच्या मुखाशी गेल्या काही दशकांत किनाऱ्याचे काय झाले यावर जे संशोधन झाले आहे, ते वाचताना सातारा जिल्ह्याचे नाव त्यात नसले तरी सातारा जिल्हा त्यात आहे. आपली जमीन आणि तो किनारा यांचे नाते समुद्रतळाच्या खडकापासून सुरू होते, म्हणून आधी खडकाकडे जाऊ.

पावसाचे पाणी आज ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस गेला होता. सातारा जिल्ह्याचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक चढलेले थर. भूवैज्ञानिकांनी या थरांना इथलीच नावे दिली आहेत: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि या सगळ्यांना पोटात घेणारा वाई उपगट. आंबेनळी घाटातून एसटीने जाताना खिडकीतून जो काळा कातळ दिसतो, त्याचे नाव जगभरच्या शोधनिबंधांत छापले जाते.

आता नकाशावर थेट पूर्व किनाऱ्याला, राजमहेंद्रीला जा. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला गौरीपट्टणम आणि दुद्दुकुरू इथे दगडाच्या खाणी आहेत. खाणीच्या उभ्या भिंतीत खाली काळा बसाल्ट दिसतो, वर पुन्हा काळा बसाल्ट, आणि दोहोंच्या मधे चुनखडी आणि मातीचा फिकट पट्टा. त्या पट्ट्यात शिंपल्यांची कवचे सापडतात. म्हणजे पहिला लाव्हा थंड झाल्यावर तिथे खाडीचे पाणी आले, शिंपले वाढले, मेले, त्यांचा थर साचला, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. दख्खनच्या मुख्य पठारापासून इतक्या दूर हा बसाल्ट आला कुठून, हा प्रश्न फार जुना. तिथलाच एखादा स्थानिक उद्रेक असेल, असेही मानले जाई.

स्टीफन सेल्फ, अ‍ॅन जे, माइक विडोसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याचे उत्तर मांडले. राजमहेंद्रीच्या बसाल्टमधले मूलद्रव्यांचे प्रमाण, खडकात गोठलेली चुंबकीय दिशा आणि वय हे तिन्ही त्यांनी ताडून पाहिले. खालचा थर आंबेनळीशी जुळला, वरचा महाबळेश्वरशी. लाव्हा पश्चिमेकडून नद्यांच्या तेव्हाच्या दऱ्यांतून वाहत सुमारे एक हजार किलोमीटर गेला आणि समुद्राला भिडला. पृथ्वीवरच्या ज्ञात लाव्हाप्रवाहांत हे सर्वांत लांब असावेत, असे त्यांचे म्हणणे. इतक्या लांबवर तो थिजला कसा नाही? लाव्ह्याचा पृष्ठभाग लवकर निवून त्यावर कातळाचे कवच धरते, आणि आतला रस त्या कवचाखाली उष्णता राखून सरकत राहतो. मागून पुरवठा चालू असला की पुढचे टोक फुगते, फुटते आणि पुढे जाते. आपला उतार पूर्वेचा, हे त्या लाव्ह्याला तेव्हाच कळले होते, असे म्हणावेसे वाटते.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेलवायूसाठी ओएनजीसीने खोल विहिरी खणल्या. तिथे जमिनीखाली लाव्ह्याचे चार मोठे थर लागले आणि त्यांच्या मधे समुद्री गाळ मिळाला. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर आणि ओएनजीसीचे शास्त्रज्ञ यांनी २०११ साली त्या गाळातल्या फोरॅमिनिफेरांचा, म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या लाव्ह्याच्या आधी या जीवांच्या जाती भरपूर, आणि लाव्ह्यांच्या मधल्या गाळात उरलेल्या मोजक्या. डायनासोर संपले त्या महाविनाशाला दख्खनचा ज्वालामुखी कारण, हे केलर यांचे ठाम मत. मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे पडलेल्या अशनीकडे बोट दाखवणारे त्यांच्याशी सहमत नाहीत आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की या वादाचा पुरावा बंगालच्या उपसागराच्या काठी आहे आणि त्याचा उगम आपल्या घाटांत आहे.

पश्चिमेचीही एक गोष्ट सांगायला हवी. भारताचा पश्चिम किनारा तुटून तयार झाला. सेशेल्स बेटांचा तुकडा सुटा झाला आणि मधे अरबी समुद्राचा तळ पसरत गेला. त्या तळाची नीट ओळख व्हावी म्हणून २०१५च्या एप्रिल-मेमध्ये जॉइडेस रेझोल्यूशन हे वेधनजहाज लक्ष्मी खोऱ्यात आले. गोव्याच्या ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतले पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे प्रमुख होते. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली त्यांनी तळात आणखी अकराशे मीटर भोक पाडले. त्यात एका प्रचंड समुद्री भूस्खलनाचा मलबा लागला. त्याला नटराज हे नाव दिले आहे. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी गुजरातकडच्या खंडमंचाचा उतार कोसळला आणि ३०० किलोमीटरहून दूरवर पसरला. पश्चिमेचा तळ असा कोसळण्याचा, पूर्वेचा तळ मात्र साचण्याचा. आपला संबंध साचण्याशी आहे.

लाव्हा थांबल्यावर त्याच दऱ्यांतून माती जाऊ लागली. बसाल्ट झिजतो, त्याची काळी माती होते, पावसात ती ओढ्याला लागते. समुद्रतळावर ही माती ओळखता येते. दख्खनचा बसाल्ट तरुण आहे, आंध्र आणि बस्तरकडचा नाइस खडक त्याच्या कितीतरी पट जुना, आणि निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण दोहोंत वेगळे असते. चमचाभर चिखलात कोणाची माती किती, हे त्यावरून काढतात.

२००६ साली वायुहायड्रेटच्या, म्हणजे समुद्रतळात बर्फाबरोबर गोठलेल्या वायूच्या, शोधमोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून अधिक खोल पाण्यातून चिखलाचा एक उभा गाभा काढला होता. वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी तो वाचला आणि २०१७ साली निष्कर्ष मांडला. गेल्या काही हजार वर्षांत पाऊस कमी होत गेला, पण समुद्रात येणारी माती वाढली. ऐकायला उलटे वाटते. पण लोणंद, फलटण, माणच्या माणसाला ते समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस कमी झाला की गवत आणि झुडूप विरळ होते, जमीन उघडी पडते, आणि मग वळवाची एक जोरदार सर सहा महिन्यांची माती एका दुपारी नेते. त्यात पुढे शेती पसरली. नवाश्मयुगातल्या पहिल्या शेतकऱ्यांनी सुरुवात केली, लोहयुगात नांगर दूरवर पोचला, आणि धूप आणखी वाढली. हा गाभा गोदावरीचा आहे, कृष्णेचा नव्हे. पण दोन्ही नद्यांचे डोके एकाच पठारावर आहे आणि काळी माती तीच.

त्या मातीने किनारा वाढवला. कृष्णा आणि गोदावरी यांचे त्रिभुज प्रदेश एकमेकांना लागून आहेत, मधे कोल्लेरू सरोवर. समुद्र आजच्या पातळीला येऊन सुमारे सात हजार वर्षे झाली. त्यानंतर नद्यांनी गाळ टाकत किनारा पुढे ढकलला. जुन्या किनाऱ्यांचे वाळूचे लांब बांध आज भातखाचरांच्या मधे, समुद्रापासून कितीतरी आत उभे दिसतात. तिथली गावे बहुधा याच उंचवट्यांवर वसली आहेत. कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेची भातशेती ज्या मातीवर उभी आहे, तिच्यात भीमा आहे, नीरा आहे, माणगंगाही आहे.

मग धरणे आली. नीरेच्या खोऱ्यात फार लवकर. भाटघरचे जुने धरण एकोणिसाव्या शतकातले, आजचे १९२८चे. लोणंदच्या उशाला असलेले वीर धरण साठच्या दशकातले. खाली कृष्णेवर नागार्जुनसागर आणि श्रीशैलम.

धरणात गाळ कसा बसतो ते उन्हाळ्यात पाहावे. पाणी उतरले की फुगवट्याच्या वरच्या टोकाला आधी वाळू आणि बारीक खडी उघडी पडते, कारण प्रवाहाचा जोर मोडताच जड कण तिथेच बसतात. भिंतीकडे यावे तसा गाळ मऊ होत जातो. भेगाळलेल्या तळाचा एक ढेकूळ उचलून मोडला तर आत पातळ पापुद्रे दिसतात, एकेका पुराचे. बोटांत चोळले तर कणी लागत नाही, लोण्यासारखे पसरते. हीच ती मळई. ती दिवीसीमेला जायची होती.

आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घालून पालखी लोणंदला येते. त्या घाटाच्या वरच्या अंगालाच वीर आहे. धरणातून सुटलेले पाणी आणि नदीने आपल्या अंगाने आणलेले पाणी यांत फरक असतो. जलाशयात थांबलेल्या पाण्याने आपले ओझे आधीच खाली ठेवलेले असते.

नदीच्या पाण्यातला गाळ मोजण्याची रीत साधी आहे. केंद्रीय जल आयोगाची माणसे ठरलेल्या खोलीवरून बाटलीत पाणी घेतात, गाळतात, उरलेला गाळ वाळवून तोलतात आणि भरड, मध्यम, बारीक असा वेगळा करतात. कृष्णेवर समुद्राआधीचे शेवटचे ठाणे विजयवाड्याला आहे. तिथले आकडे आंध्र विद्यापीठाचे के. नागेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एकत्र मांडले. १९६६ ते १९६९ या काळात कृष्णा वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ खाली नेत होती. २००० ते २००५ मध्ये तो चार लाख टनांवर आला. गोदावरीचा १५ कोटी टनांवरून पावणेसहा कोटींवर आला.

याच मंडळींनी १९६५ ते २००८ पर्यंतच्या किनाऱ्याच्या रेषा एकावर एक ठेवून पाहिल्या. दोन्ही त्रिभुज प्रदेशांचा किनारा मिळून ३३६ किलोमीटर आहे. भर पडली ती वजा करूनही ७६ चौरस किलोमीटर जमीन समुद्राने घेतली. १९९० पर्यंत वर्षाला सरासरी १.३९ चौरस किलोमीटर जात होती, पुढच्या दशकात २.३२. लाटा आधीही वाळू नेत होत्याच. पूर्वी नदी ती भरून काढत असे, आता काढत नाही.

त्रिभुज प्रदेशाची माती आपल्या वजनाने दबतही असते. वरून नवा थर आला तर पातळी टिकते, नाहीतर जमीन खाली जाते. जेम्स सिव्हिट्स्की यांच्या गटाने २००९ साली जगातले ३३ त्रिभुज प्रदेश तपासले आणि सर्वाधिक धोक्याच्या गटात नाईल, यांगत्से यांच्या पंक्तीला कृष्णेला बसवले. हे कोणाच्या वाट्याला येते? १९ नोव्हेंबर १९७७च्या चक्रीवादळात समुद्र दिवीसीमेवर चढला आणि हजारो माणसे गेली. ते वादळ धरणांमुळे आले नव्हते. पण जमीन जितकी खाली आणि तिवरांचा पट्टा जितका अरुंद, तितके पुढच्या वादळाचे पाणी आत.

धरणे नसती तर लोणंदचा कांदा नसता, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र नसते, फलटण आणि माळशिरसचे बागाईत नसते. धरण पाडा असे म्हणणारा माणूस नीरेच्या काठी राहिलेला नाही. पण गाळाकडे आपण अजून अडचण म्हणूनच पाहतो. त्याने नुकसान दोन्ही टोकांना होते. श्रीशैलमची मूळ साठवण ३०८ टीएमसी होती, नंतरच्या मोजणीत ती २१६च्या आसपास भरली. खाली किनारा उपाशी आणि वर धरण भरलेले, कारण दोन्हीकडे एकच.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झाली आणि ती चांगली आहे. मळई शेतात गेली तर माळरानाचा कस वाढतो. पण उघड्या तळातून ट्रॉलीने उचललेला गाळ हा साचलेल्यातला थोडाच भाग. पहिल्या पुराचे सर्वांत गढूळ पाणी खालच्या दरवाजांतून जाऊ द्यायचे आणि नंतरचे निवळ पाणी अडवायचे, ही पद्धत जगात काही धरणांवर वापरतात. भाटघर किंवा वीरला ती बसेल का, हे अभियंत्यांनी तपासण्यासारखे आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहचित्रांवरून जलाशयांतल्या गाळाचे सर्वेक्षण करते, म्हणजे साधन आपल्याकडे आहे.

बच्छावत लवादाने कृष्णेचे २०६० टीएमसी पाणी तीन राज्यांत वाटले आणि त्यातले ५६० आपल्याला दिले. त्या हिशेबाच्या प्रत्येक थेंबासाठी आपण भांडतो, भांडायलाच हवे. त्याच पाण्यातल्या मातीच्या हिशेबासाठी मात्र कोणी भांडत नाही. नीरेवर सराटीला केंद्रीय जल आयोगाचे ठाणे आहे. त्याच्या जोडीला वीरच्या वर आणि खाली, जुलैच्या पहिल्या पुरापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत रोज एकेक बाटली भरून गाळ तोलला आणि ते आकडे खुले केले, तर वीरमध्ये किती राहिला आणि पुढे किती गेला हे पाच-सात वर्षांत स्पष्ट दिसेल. परिसरातल्या महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना हे काम जमण्यासारखे आहे. लागणारे सामान म्हणजे बाटली, गाळणकागद, भट्टी आणि तराजू.